गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला, एक्स-रे मात्र नॉर्मल: आता काय करायचं?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींच्या कबड्डी संघाचं बघते. आमची १७ वर्षांची चढाईपटू गेल्या रविवारी सामन्यात जखमी झाली. चढाई करून मध्यरेषेकडे वळत असताना कोपरारक्षकाने तिचा घोटा धरला. पाय मॅटवर रुतलेला आणि अंग वळलेलं, अशा स्थितीत गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज तिला स्वतःला आला. दहा मिनिटं खूप दुखलं, मग कमी झालं. मुलींनी पाय ओढून ‘मोकळा’ केला, स्प्रे मारला, नी-कॅप चढवली. चालून बघायला सांगितलं, चालता आलं, म्हणून उत्तरार्धात पुन्हा चढाईला पाठवलं. दुसऱ्याच चढाईत वळताना गुडघा निसटल्यासारखा झाला आणि ती खाली बसली. घरी पोहोचेपर्यंत, म्हणजे दोनेक तासांत, गुडघा टम्म सुजला होता. दुसऱ्या दिवशी वडिलांनी हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी चोळून, लेप लावून घट्ट पट्टी बांधली. नंतर तालुक्याला एक्स-रे काढला, तिथे ‘हाड ठीक आहे’ म्हणाले. आज पाचवा दिवस आहे. ती लंगडत चालते, पाय पूर्ण सरळ होत नाही. हे लिगामेंटचं आहे का? मैदानावर आम्ही काय करायला हवं होतं? तीन आठवड्यांनी निवड चाचणी आहे, तोवर ती उभी राहील का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण घरात आणि संघात सगळ्यांचं लक्ष तिथेच लागलेलं असणार. तीन आठवड्यांनंतरची निवड चाचणी तिने खेळू नये. गुडघ्याला नेमकं काय झालंय हे तपासून कळेपर्यंत तिने मॅटवर उतरू नये, सरावापुरतंही नाही आणि ‘नुसता बोनस काढून परत ये’ म्हणूनही नाही. हे तिला घरच्यांनी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. आणि संघातली तिची जागा गेलेली नाही, हेही त्याच वेळी सांगा.

तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की एक चित्र दिसतं. पाय जमिनीवर रुतलेला असताना अंग वळलं. आतून आवाज आला. नंतर वळताना गुडघा निसटला. आणि दोन तासांत टम्म सूज आली. यावरून गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटल्याची शक्यता सगळ्यांत वर येते. पत्र वाचून निदान होत नाही, ते गुडघ्याला हात लावूनच होतं. पण एवढ्या खुणा असताना ‘लचक आहे, बसेल’ म्हणून थांबणं बरोबर नाही.

एक्स-रे नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच की मोठं हाड मोडलेलं दिसत नाही. लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही. कधी कधी नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने, हाडाचा अगदी छोटा कपचा सुटलेला असतो. तो दिसला तर एसीएल तुटल्याची जवळजवळ खात्रीच धरतात. म्हणून तोच एक्स-रे सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना पुन्हा बघायला द्या.

आता चालता आलं त्याबद्दल. हा भाग संघातल्या प्रत्येक मुलीला समजावून सांगा, कारण सगळ्यांची फसगत इथेच होते. एसीएलचं काम नडगीला पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघ्याला आवरून धरणं. सरळ रेषेत चालताना ते काम मांडीचे स्नायू बऱ्यापैकी निभावून नेतात. त्यामुळे लिगामेंट पूर्ण तुटलं तरी दहा-पंधरा मिनिटांनी कळ ओसरते, खेळाडू उठते, चालते, हळू धावूनही दाखवते. खरी परीक्षा वळताना, थांबताना आणि उडी मारून उतरताना होते, आणि चढाईत तर तेच करायचं असतं. तेव्हा मांडीचं हाड नडगीवरून घसरतं आणि दोघांच्या मध्ये असलेली कूर्चेची गादी, म्हणजे मेनिस्कस, चेमटते किंवा फाटते. लिगामेंट नव्याने बसवता येतं. गादी मात्र एकदा चुरली की पूर्वीसारखी करता येत नाही, आणि पुढे ऐन तिशी-चाळिशीत गुडघा झिजण्याचं ते मोठं कारण ठरतं. म्हणून मैदानावर प्रथमोपचार करणाऱ्याचं पहिलं काम दुसरी इजा टाळणं हे आहे. निदान नंतर झालं तरी चालतं.

तिचा पाय पूर्ण सरळ होत नाही, ही पत्रातली आम्हाला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. त्याची तीन कारणं असू शकतात. सांध्यात रक्त भरल्यामुळे जागा उरलेली नाही, किंवा मांडीच्या मागचे स्नायू दुखण्यामुळे आखडलेत, किंवा फाटलेली गादी उलटून सांध्यात अडकली आहे. पहिली दोन कारणं दिवसागणिक सुधारतात. तिसरं सुधारत नाही, आणि अडकलेली गादी शिवायची असेल तर ती लवकर शिवलेली बरी. म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांतच, दुर्बिणीतून गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. खासगीत जमत नसेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहेच.

तिथे गेल्यावर डॉक्टर गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून नडगी हलकेच पुढे ओढून बघतील. सरावलेल्या हाताला एवढ्यावरून बरंच कळतं. सूज आणि दुखणं जास्त असेल तर तपासणी नीट होत नाही, अशा वेळी आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात. त्या दुसऱ्या फेरीला नक्की जा. एमआरआय त्याच दिवशी काढायची घाई नसते, पण पाय अडकलेला वाटत असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तो लागतोच. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा आणि उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते विचारून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर इजेची हकीकत लिहून न्या: पाय कुठे होता, शरीर कुठे वळलं, कुणाचा धक्का लागला का, आवाज आला का, सूज किती वेळात आली, त्यानंतर खेळली का, गुडघा किती वेळा निसटला. पाच दिवसांनी गुडघा जे सांगत नाही ते पहिल्या दोन तासांच्या या नोंदीतून कळतं. सूज कधी आली याला तर फार महत्त्व आहे. पहिल्या दोन तासांत गुडघा भरला तर सांध्यात रक्त उतरलंय असं समजतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा एसीएल, हाडाला गेलेली चीर किंवा सरकलेली वाटी असते. रात्री झोपताना ठीक आणि सकाळी उठल्यावर सूज, असं असेल तर मेनिस्कसची इजा किंवा हलका ताण असण्याची शक्यता जास्त. गुडघा फारसा भरलेला नाही पण आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडच्या कडेला, बोट ठेवलं की कळ येते, तर आतल्या कडेचं लिगामेंट, एमसीएल. ते बाहेरून मांडीवर किंवा गुडघ्यावर डॅश बसला की ताणलं जातं आणि कबड्डीत नेहमी दिसतं. वाकलेल्या गुडघ्यावर सरळ आपटून पडल्यावर मागचं लिगामेंट, पीसीएल, जातं. त्यात सूज कमी असते आणि खेळाडू बरेचदा दुर्लक्ष करते. बाहेरच्या कडेचं एलसीएल एकटं सहसा तुटत नाही. पण तुटतं तेव्हा शेजारून जाणारी नस ताणली जाते, म्हणून गुडघ्याच्या बाहेरून दुखत असेल तर पाऊल वर उचलता येतं का ते बघायलाच हवं.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरी काय करायचं ते सांगतो. हाडवैद्याची घट्ट पट्टी आजच सोडा, लेप कोमट पाण्याने धुवा आणि खालच्या कातडीला फोड किंवा पुरळ आहे का ते बघा. फोड असतील तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. चोळणं पूर्ण बंद. वडिलांनी तिला काळजीपोटीच तिकडे नेलं, त्यांना दोष देऊ नका. पण चोळल्याने फाटलेल्या जागी रक्तस्राव वाढतो, आणि जोर लावून पाय वाकवला तर अडकलेली गादी आणखी फाटते, हे त्यांना शांतपणे सांगा. बहुतेक वडील ऐकतात.

चालण्यासाठी दोन कुबड्या घ्या, काखेतल्या असोत की कोपराच्या. सहन होईल तेवढंच वजन टाकायचं. पायऱ्या किंवा एसटी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचं शौचालय हे सगळं सध्या नको. कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते.

झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होत नाही. त्याऐवजी टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या, ५ ते १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. वरून दाबायचं नाही. मांडीचा पुढचा स्नायू आवळून ५ ते १० सेकंद धरायचा आणि सोडायचा, असं १० वेळा, दर दोन-तीन तासांनी. पंजा वर-खाली करत राहायचा. टाच गादीवरून सरकवत, सहन होईल तेवढाच गुडघा वाकवायचा. सरळ करताना आत काहीतरी आडवं आल्यासारखं होऊन तिथेच अडत असेल तर जोर न लावता डॉक्टरांना तसं सांगा.

पोटरी दुखून सुजली, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला, पावलाला मुंग्या आल्या किंवा पाऊल वर उचलेना झालं, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पोटरीतल्या सुजेसोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन करा.

आता मैदानावरचं. इथे थोडा वेळ घालवू, कारण पुढच्या वेळी तिथे डॉक्टर नसतील, तुम्हीच असाल.

खेळाडू पडली की पंचांना खेळ थांबवायला सांगा आणि बाकीच्या मुलींना दोन हात लांब ठेवा. पाय ओढून ‘मोकळा’ करणं ही सवय संघातून पूर्ण घालवा. वाटी सरकली असेल, हाडाला चीर गेली असेल किंवा गादी अडकली असेल, तर त्या एका ओढीने इजा कितीतरी वाढते. तिला लगेच उठवू नका, आहे त्या स्थितीत पडू द्या. आपटताना डोकं किंवा मान लागली नाही ना, हे आधी विचारा.

मग शॉर्ट किंवा पँट वर करून दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघा. आकार सारखा आहे का? वाटी बाहेरच्या बाजूला गेलेली दिसते का? नडगी मांडीच्या रेषेत आहे का? आकार बिघडलेला असेल तर पुढची कुठलीही तपासणी नको. आहे त्या कोनातच पायाला आधार द्या, १०८ बोलवा आणि तिला खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. गुडघ्याचा सांधा पूर्ण निखळला तर मागून जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटू किंवा दबू शकते, आणि सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. असा गुडघा कधी कधी आपोआप जागेवर बसतो आणि वरून साधाच दिसतो. सांध्याचं आवरणही फाटल्यामुळे रक्त आजूबाजूला पसरतं आणि सूजसुद्धा फार दिसत नाही. म्हणून मोठ्या आपटीनंतर गुडघा सगळ्या दिशांनी ढिला वाटला तर सूज नसली तरी ती तातडीची केस समजा.

यानंतर पाऊल तपासा. पावलाच्या वरच्या बाजूला मध्यावर, अंगठ्याच्या शिरेच्या किंचित बाहेर, नाडी लागते. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे. दोन्ही पायांची तुलना करा. अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात आणि तळव्याला बोट लावून ‘जाणवतंय का’ विचारा. पाऊल वर ओढायला सांगा. यातलं काहीही चुकलं तर थेट रुग्णालय. नाडी लागते म्हणून रक्तवाहिनी नक्की शाबूत आहे असंही नसतं, तेव्हा निखळल्याची शंका असेल तर नाडी लागूनही पाठवाच. नाडी शोधण्याचा सराव मुलींच्या धडधाकट पायांवर आधी करून ठेवा. गडबडीत पहिल्यांदाच शोधायला गेलात तर ती सापडणार नाही.

सगळं ठीक असेल तर तिला एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. वाटीवर आणि गुडघ्याच्या बाहेर खालच्या अंगाला लागणाऱ्या हाडाच्या टोकावर हलकेच दाबून बघा. मग तिने स्वतः पाय सरळ करायचा, सरळ पाय जमिनीवरून उचलायचा आणि काटकोनापर्यंत वाकवायचा. तुम्ही हात लावायचा नाही. सरळ पाय उचलताच येत नसेल तर वाटीवरचा किंवा वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटला असू शकतो, त्यालाही लवकर शस्त्रक्रिया लागते. शेवटी दोघींच्या आधाराने उभं करून चार पावलं. लंगडत टाकली तरी ती पावलं धरतात, पण मॅटवर आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा काटकोनापर्यंत गुडघा वाकला नाही, किंवा फक्त वाटीवरच दुखत असेल, किंवा बाहेरच्या त्या हाडाच्या टोकावर दुखत असेल, तर एक्स-रे हवाच. डॉक्टर हे ओटावा नियम म्हणून वापरतात. वय ५५ किंवा जास्त हा त्यातला पाचवा मुद्दा, तो पालकांच्या संघाला लागू होईल.

शाळेतली लहान मुलं असतील तर एक्स-रेबाबत आणखी सावध राहा. १३-१४ वर्षांपर्यंत लिगामेंटपेक्षा हाडाची वाढीची चकती कच्ची असते. त्यामुळे लिगामेंट न तुटता ते हाडाचा तुकडाच उखडून आणतं, किंवा चकती सरकते. लहान मुलाचा गुडघा दोन तासांत भरला तर चालता येत असलं तरी त्याच दिवशी एक्स-रे काढा.

आवाज आला, गुडघा निसटल्याचं जाणवलं, दोन तासांत सूज आली किंवा लंगडणं राहिलं, यातलं एकही असेल तर त्या दिवसाचा खेळ संपला. ‘जरा उड्या मारून बघ’ अशी चाचणी घेऊ नका. स्प्रे किंवा बर्फाने बधीर झालेल्या गुडघ्यावर तर मुळीच नको. लिगामेंट किती ढिलं आहे हे यूट्यूबवर बघून ओढून तपासणंही प्रशिक्षकाचं काम नाही. तिला उचलून न्यायचं असेल तर दोघींनी हातांची खुर्ची करावी आणि तिसरीने पाय सरळ धरावा, किंवा स्ट्रेचर वापरा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत विनेश फोगाटचा गुडघा दुखावला तेव्हा तिला स्ट्रेचरवरूनच बाहेर नेलं. दोन वर्षांनी जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. स्ट्रेचरवर झोपण्यात मुलींना कमीपणा वाटतो, त्यांना हे सांगा.

बर्फाबद्दल. फोडलेला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात थोडं पाणी, म्हणजे पिशवी गुडघ्यावर नीट बसते. पिशवी आणि कातडीच्या मध्ये ओला पंचा. १५ ते २० मिनिटं, मग काढायचा. जागेपणी दर दोन तासांनी, पहिले ४८ तास. जास्त वेळ ठेवल्याने जास्त फायदा होत नाही, कातडी मात्र जळते. पाच मिनिटांनी एकदा पंचा उचलून बघा, पांढरे चट्टे दिसले तर लगेच काढा. बर्फात मीठ टाकू नका, त्याने तापमान शून्याच्या खाली जातं. फ्रीझरमधून काढलेला जेल पॅकही शून्याच्या खाली असतो, त्याला जाड पंचा लागतो. गुडघ्याच्या बाहेरच्या खालच्या बाजूला, त्या हाडाच्या टोकामागून पाऊल उचलणारी नस कातडीच्या अगदी जवळून जाते, तिथे बर्फाची पिशवी दाबून बांधू नका. बर्फाने दुखणं कमी होतं, लिगामेंट जुळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पट्टीसाठी १५ सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज घ्या. गुडघ्याच्या चार बोटं खाली पोटरीवर सुरुवात करून वर मांडीवर चार-पाच बोटांपर्यंत न्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा. क्रेप जितकं ताणता येतं त्याच्या निम्मंच ताणायचं आणि वर जाताना किंचित सैल करत न्यायचं. वरून घट्ट आणि खालून सैल झालं की सूज पोटरीत आणि पावलात उतरते. बांधून झाल्यावर आत बोट सरकायला हवं. नख दाबण्याची तपासणी पुन्हा करा. बोटं निळसर, गार किंवा बधीर झाली तर लगेच सोडा. रात्री झोपताना पट्टी काढलेली बरी. नी-कॅप इथे कामाची नाही. ताज्या सुजेवर ती चढवताना पाय ओढला जातो आणि सूज वाढली की ती आवळते.

रुग्णालय लांब असेल तर फळी बांधा. पुठ्ठ्याच्या खोक्याचा दुहेरी तुकडा मांडीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत पायाखाली घाला, आत टॉवेल घाला, गुडघ्याखाली टॉवेलची एक छोटी घडी ठेवा आणि ओढण्यांनी चार जागी बांधा: मांडीवर वर, गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर. वाटीवर गाठ नको. ही घडी प्रवासापुरतीच. पाय छातीपेक्षा उंच राहील असं तिला आडवं न्या.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, एवढं पुरतं. आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून आणि पोटात काही असतानाच. दमा, आम्लपित्ताचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नकोच. ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. पहिले तीन दिवस शेक, तेल आणि मालिश बंद.

तपासणीत एसीएल पूर्ण तुटलं असं निघालं तर लगेच शस्त्रक्रिया, असं घाबरून ठरवू नका. सुजलेल्या, सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया बरेचदा गुडघा आखडून ठेवते. आधी काही आठवडे फिजिओथेरपीने सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ करायचा, मांडीचा स्नायू जागा करायचा. गादी अडकलेली असेल तर मात्र हा क्रम बदलतो. स्वीडनमधल्या एका अभ्यासात १८ ते ३५ वर्षांच्या खेळाडूंपैकी आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया या गटातल्या जवळपास निम्म्या जणांना पाच वर्षांत ती लागली नाही. पण त्यात व्यावसायिक पातळीचे खेळाडू नव्हते. सतत वळणं-थांबणं करणाऱ्या १७ वर्षांच्या चढाईपटूला, गुडघा निसटत असेल तर, बहुतेक शल्यचिकित्सक लिगामेंट नव्याने बसवायलाच सुचवतील, आणि आम्हालाही ते योग्य वाटतं. त्यानंतर किमान नऊ महिने सामना नाही. नऊ महिने झाले तरी मांडीचा स्नायू आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी भरायला हवी. विशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून पुढच्या निवड चाचणीची तारीख बघून हा काळ कमी करू देऊ नका. फक्त एमसीएलचा हलका ताण निघाला तर एक ते तीन आठवडे, मध्यम असेल तर चार ते सहा, आणि पूर्ण तुटलं तरी बहुतेक वेळा बिजागरीच्या ब्रेसवर बरं होतं.

तुमचा संघ मुलींचा आहे. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींचं एसीएल तुटण्याचं प्रमाण दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं. सरावाआधी आठवड्यातून किमान दोन-तीनदा १५ ते २० मिनिटं यासाठी द्या: उडीवरून गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं, एका पायावर तोल, घोटे कुणीतरी धरलेले असताना गुडघ्यांवर बसून अंग सावकाश पुढे सोडणं, आणि वळताना दोन-तीन छोटी पावलं घेऊन वेग कमी करणं. उतरताना गुडघे आत जवळ येत असतील तर तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करा. असा सराव नियमित केलेल्या संघांमध्ये एसीएलच्या इजा जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं दिसलं आहे. फुटबॉलसाठी बनवलेला फिफा ११+ हा क्रम मोबाइलवर मिळतो, त्यातला धावण्याचा भाग मॅटच्या मापात बसवून घ्या.

संघाच्या पिशवीत १५ सेंटिमीटरची दोन क्रेप बँडेज, दोन पंचे, जाड प्लास्टिकच्या चार पिशव्या, घडीचा पुठ्ठा, चार लांब पट्ट्या, कात्री, पॅरासिटामॉल, हातमोजे आणि एक वही-पेन ठेवा. सामन्याच्या सकाळी बर्फ कुठे मिळेल हे ठरवून ठेवा: गोळेवाला, मासळीवाली किंवा शेजारचं आइस्क्रीमचं दुकान. पिशवीच्या आतल्या झाकणावर १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर लिहून ठेवा. क्रेपची ताण गेली की ती बदला.